नवे ब्रेक पाइप टाकले, तरी पेडल खालीच: सांगलीतल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मालकीण शिक्षिका, घर सांगलीत शामरावनगरला, शाळा तासगावच्या पलीकडे. रोजची ये-जा आणि सुट्टी लागली की आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे. तक्रार अशी होती: मागे जाणारे दोन्ही ब्रेक पाइप नवे टाकल्यापासून पेडल पहिल्या दाबात जवळजवळ तळाला जातं, दोन-तीन वेळा पंप केलं की वर येतं, आणि वर आल्यावरही पायाला मऊ लागतं.

पाइप दुसऱ्या गॅरेजमध्ये बदलले होते. काम करणारा मिस्त्री तरुण, हात चांगला. त्याने पुन्हा पुन्हा एअर काढली, म्हणजे ब्रेकमध्ये शिरलेली हवा ऑइलबरोबर बाटलीत सोडली, ब्रेक ऑइलचे डबे संपले, बाटलीत बुडबुडा दिसेनासा झाला, तरी पेडल तिथंच. मग मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) गेला असणार असं ठरलं आणि तसा खर्च सांगितला गेला. मॅडमनी तेव्हा विचारलं, "पाइप फुटायच्या आदल्या दिवसापर्यंत मास्टर चांगला होता ना? मग पाइप बदलल्यावरच तो कसा गेला?" या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात नेमका प्रश्न. मिस्त्रीने उत्तर माहीत नसल्याचं सरळ कबूल केलं आणि गाडी क्रेनवर घालून स्वतःच आमच्या गॅरेजला घेऊन आला. "अण्णा, मास्टर घालायला मी तयार हाय, पण माझ्याच मनाला पटंना."

मला हे फार आवडलं. मनाला पटत नसताना पार्ट बदलत सुटणारे खूप असतात.

पाइप सडला कसा

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. शामरावनगरात ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल बदललं, सीट उन्हात वाळवल्या, वायरिंग पाहिलं, स्टार्टर उघडला. गाडी चालू झाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. जुलै २०२१च्या पुरात मॅडमनी ती वेळेत विश्रामबागेत नेऊन लावली, म्हणून दुसऱ्यांदा बुडाली नाही. पण पहिल्या वेळचा गाळ गाडीखाली तसाच राहिला होता.

ब्रेकचा लोखंडी पाइप फ्लोअरच्या खालून प्लास्टिकच्या क्लिपांमध्ये धरलेला असतो. उघड्या भागावर पाणी पडतं आणि वाळतं. क्लिपच्या आत गेलेला बारीक गाळ मात्र ओल धरून ठेवतो. तिथं हवा कमी पोहोचते, बाहेरच्या भागाला जास्त मिळते, आणि लोखंडाचा नियम असा की ज्या भागाला प्राणवायू कमी तोच भाग आधी झिजतो. म्हणून असे पाइप क्लिपखालीच सडतात, आणि तेही खड्डे पडून. वरून पाइप ठीक दिसतो, क्लिप काढली की खाली पापुद्रे निघतात. पूर येऊन गेलेली गाडी तपासताना क्लिप न उघडता "पाइप ओके" म्हणणं धोक्याचं आहे. सांगली, कोल्हापूर, कऱ्हाडकडची पुरात राहिलेली जुनी गाडी कोणी घेत असेल तर त्याने एवढं तरी बघून घ्यावं, ही माझी मनापासून विनंती आहे.

इथं पाच वर्षांनी, २०२४च्या पावसाळ्याआधी, पाइप गळायला लागला. आधी वळणावर ब्रेकचा दिवा लागायचा आणि विझायचा. रिझर्व्हॉयरमधलं ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि फ्लोट खाली बसतो, त्यामुळे असं होतं. मग एके दिवशी शाळेच्या वाटेवर पेडल अचानक अर्ध्यावर गेलं. गाडी थांबली, कारण मास्टर सिलिंडरला दोन स्वतंत्र सर्किट असतात आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत ती बहुधा तिरकी जोडलेली असतात: उजवं पुढचं चाक आणि डावं मागचं एकात, डावं पुढचं आणि उजवं मागचं दुसऱ्यात. एक पाइप फुटला तरी पुढचा एक आणि मागचा एक ब्रेक शिल्लक राहतो. त्या दिवशी मॅडम त्यावरच घरी आल्या.

मास्टरवर संशय घेणं चूक होतं का

नव्हतं. मॅडमच्या प्रश्नाला एक खरं उत्तर असू शकतं. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या अर्ध्या भागातच मागंपुढं होतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, कधी कधी गंजाचा थर आलेला असतो. एअर काढताना पाय पूर्ण खाली नेला की रबरी सील त्या खरबरीत भागावर घासतं आणि फाटतं. म्हणजे चांगला मास्टर एअर काढतानाच मरू शकतो. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दाब अर्ध्यावरच अडवावा. आमच्याकडे तो ठोकळा ब्रेकच्या हत्यारांबरोबरच ठेवलेला असतो.

पण संशय तपासायला पार्ट विकत घ्यावा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल दाबलं, मग पंप करून पेडल वर आणलं आणि पाय सारख्या जोराने धरून ठेवला. मास्टरच्या आत सीलवरून ऑइल मागे निसटत असेल तर धरलेल्या पायाखाली पेडल हळूहळू बसतं. इथं ते मऊ होतं, पण जागचं हललं नाही. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं, तेव्हा ते थोडं खाली आलं आणि थांबलं. बूस्टरही चालू होता.

मग होज पाइप चिमटले. या परीक्षेबद्दल सविस्तर सांगतो, कारण मास्टर, पाइप आणि चाक यांतला दोष वेगळा काढणारी इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही. लोखंडी पाइप संपून चाकाकडे जाणारा जो रबरी होज असतो, त्यावर गुळगुळीत तोंडाचे होज क्लॅम्प लावायचे. पक्कड किंवा व्हाइसग्रिप वापरायची नाही, दात रुततात आणि होज आतून फाटतो. चारही होज बंद केले की पेडलच्या पुढे फक्त मास्टर आणि लोखंडी पाइप उरतात. तेवढ्यावर पेडल उंच आणि दगडासारखं टणक आलं, तर मास्टर ठीक आहे आणि दोष चाकांकडे आहे.

या गाडीत चारही होज बंद केल्यावर पेडल उंच आलं, पण टणक आलं नाही. स्प्रिंग दाबल्यासारखं परत यायचं. म्हणजे हवा होती ती होजच्या अलीकडे, ज्या भागात नवे पाइप टाकले होते त्याच भागात. चाकांच्या निपलमधून, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूमधून, कितीही ऑइल काढलं तरी ती तिथंच बसून होती.

पुढचे दोन क्लॅम्प काढले, पेडलमध्ये जाणवेल असा फरक नाही. मागचे दोन काढले आणि पेडल एकदम खाली गेलं. मग हाताखालच्या पोराला सांगितलं, हँडब्रेक पूर्ण वर ओढ आणि आता दाब. पेडल बरंचसं वर आलं. हँडब्रेक ओढल्यावर मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, ड्रमजवळ जातात. तेवढ्याने पेडल वर येत असेल तर तिथला दोष हवेचा नाही, लायनर आणि ड्रममधल्या जास्त मोकळीकीचा आहे.

दोन दोष एकमेकांवर बसले होते. पंप केल्यावर पेडल वर येत होतं ते लायनरच्या मोकळीकीमुळे, आणि वर येऊनही मऊ राहत होतं ते हवेमुळे. मिस्त्री दोन्हीला एअर समजून एकच औषध देत होता, म्हणून गुण येत नव्हता. मोकळीक एअर काढून कमी होत नाही, आणि ही एअर चाकांपाशी नव्हतीच.

थोडी हवा किती त्रास देते

गाडीचे मास्टर सिलिंडर वेगवेगळ्या मापाचे असतात. २०.६ मिलिमीटर बोअर धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३.३ चौरस सेंटिमीटर येतं. आत १ घनसेंटिमीटर हवा आहे असं समजा. ४० बार दाबाला ती आकसून चाळिसाव्या हिश्श्याहून लहान होते, म्हणजे जवळजवळ तो सगळा घनसेंटिमीटर पिस्टनला आधी भरून काढावा लागतो. त्यासाठी पिस्टन ३ मिलिमीटर जास्त सरकतो. पेडलचा तरफेचा हिशोब चारास एक धरला, तर पायाखाली १२ मिलिमीटर. अशी तीन-चार घनसेंटिमीटर हवा राहिली तर पेडलची बरीचशी चाल फक्त हवा दाबण्यात जाते. अंगठ्याच्या पेराएवढी हवा, आणि गाडी चौकात थांबायच्या ऐवजी चौकाच्या पलीकडे जाते.

आता नव्या पाइपचं गणित. बाहेरून ४.७५ मिलिमीटर, आतून साधारण ३.३ मिलिमीटर व्यास. एका मीटरमध्ये ९ घनसेंटिमीटरच्या आसपास जागा. पुढून मागे जाणारा पाइप तीन मीटर धरला तर एका पाइपात २५ हून जास्त, दोन्हीत मिळून पन्नासाच्या वर. पाइप कोरे बसवले जातात, म्हणजे इतकी सगळी हवा बाहेर ढकलायची असते. ठोकळा ठेवून मारलेल्या एका दाबात जेमतेम दोन-तीन घनसेंटिमीटर ऑइल पुढे जातं. सुरुवातीचे कित्येक दाब निव्वळ पाइप भरण्यात जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हवा अडकली होती कुठे

हवा पाइपातच कुठेतरी उंचवट्यावर अडकते असा समज आहे. तो पुरता खरा नाही. इतक्या अरुंद नळीत बुडबुडा सगळी नळी भरून बसतो. ऑइलला त्याच्या बाजूने निसटायला वाट नसते, त्यामुळे ऑइल पुढे सरकलं की बुडबुडाही पुढे सरकतो. अडचण होते ती पोकळी रुंद होते तिथे. तिथे बुडबुडा छताला चिकटून बसतो आणि ऑइल खालून निघून जातं. चाकाच्या बाटलीत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल येत राहतं आणि एअर संपली असं वाटतं.

अशा रुंद जागा ब्रेकमध्ये मोजक्याच असतात: मास्टर, कॅलिपर (पुढच्या डिस्कला पकडणारा), व्हील सिलिंडर (मागच्या ड्रममध्ये लायनर ढकलणारा) आणि अनेक गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ बसवलेला भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह, ज्याला आम्ही एलएसपीव्ही म्हणतो. गाडीत मागे माणसं-सामान असेल तर तो मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. मागचा भाग हलका असेल तर कमी, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरली असती. अॅक्सल किती वर-खाली आहे ते त्याला एका दांडीवरून किंवा स्प्रिंगवरून कळतं.

या गाडीत तो व्हॉल्व्ह बॉडीला, अॅक्सलच्या वर बसवलेला. मागच्या भागात त्याच्याइतकं उंच दुसरं काही नाही. फ्लोअरखालून आलेला पाइप वर चढून त्याच्यात शिरतो आणि तिथून होज खाली उतरतो. आणि त्याच्या माथ्यावर त्याचं स्वतःचं ब्लीडर निपल होतं. सगळ्या गाड्यांत ते नसतं, पण इथं होतं. रबरी टोपी कधीच गळून गेलेली, त्यावर पुराचा गाळ सिमेंटसारखा बसलेला, निपल आहे हे बोटाने खरवडल्याशिवाय कळत नव्हतं. पाइप सुटे असताना व्हॉल्व्हमधलं ऑइल गळून गेलं असणार आणि त्या जागी हवा बसली. त्याआधी ऑइल बदललं तेव्हा व्हॉल्व्ह कधी रिकामा झालाच नव्हता, म्हणून त्या निपलची कोणाला गरज पडली नव्हती.

यात आणखी एक गोष्ट मिसळली. त्या गॅरेजमध्ये गाडीचा मागचा भाग बॉडीवरून जॅकवर उचलून एअर काढली होती. अॅक्सल लोंबकळत होता. व्हॉल्व्हच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मागे भार शून्य आहे, दाब कमी सोड. मागचा प्रवाह तिथंच आखडला. हळू चालणाऱ्या प्रवाहाला वरच्या पोकळीतला बुडबुडा ओढून खाली आणणं मुळीच जमत नाही. एलएसपीव्ही असलेली गाडी एअर काढताना चाकांवर उभी पाहिजे, मग पिटवर घ्या नाहीतर चारही चाकांना आधार देणाऱ्या रॅम्पवर.

पाइपचं तोंड

एअर काढायला घेण्याआधी प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसला, पोराला पेडल जोरात धरून ठेवायला सांगितलं आणि नवा टिश्यू फिरवला. व्हॉल्व्हच्या एका जोडावर ओल आली. थेंब नाही, फक्त ओल. नट आणखी आवळून ती थांबली नसती.

जोड सोडल्यावर कारण दिसलं. पाइपचं तोंड एकेरी फ्लेअर केलेलं, म्हणजे जोडात बसण्यासाठी एकदाच पसरलेलं होतं आणि कडेला केसाएवढी चीर गेली होती. अशा गाड्यांत दुहेरी फ्लेअर लागतो: पाइपची कड आधी आत दुमडायची आणि मग उलट्या शंकूसारखी पसरायची, म्हणजे दाब घेणाऱ्या जागी पत्रा दुप्पट होतो. युरोपियन पद्धतीच्या काही गाड्यांत बुडबुड्याच्या आकाराचा फ्लेअर असतो, त्याची बसायची जागा वेगळी. एकाचं तोंड दुसऱ्याच्या जागेत बसल्यासारखं वाटतं, नटही आवळला जातो, पण सील होत नाही. जुना पाइप फेकून देण्याआधी त्याचं तोंड बघणं एवढंच काम असतं.

पाइप स्वतः ठीक होता, दुपदरी पोलादी बंडी ट्यूब, वर कोटिंग. म्हणून पूर्ण पाइप न काढता टोक कापून, कड घासून, दुहेरी फ्लेअर करून पुन्हा बसवला. काही ठिकाणी वाकवायला सोपा म्हणून साधा तांब्याचा पाइप वापरतात. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि तडकतं, ब्रेकला ते लावू नये. तांबं-निकेलचा मिश्रधातू वेगळा, तो चालतो आणि गंजतही नाही. नट १० मिलिमीटरचा, तो कापलेल्या रिंग पान्यानेच फिरवायचा, साध्या पान्याने कडा गोल होतात. टॉर्क साधारण १६ न्यूटन-मीटर पुरतो. पान्याला पाइप लावून जोर करणाऱ्याच्या हातून फ्लेअर तडकतो.

आधी ड्रम, मग एअर

ड्रम उघडले. पाइपांबरोबर मागचे व्हील सिलिंडरही नवे बसवले होते; तेव्हा ड्रम निघावा म्हणून अॅडजस्टर, म्हणजे लायनर ड्रमच्या किती जवळ राहील ते ठरवणारा भाग, पूर्ण मागे घेतला होता आणि तसाच राहिला होता. तो आपोआप जुळतो हे खरं, पण गाडी चालून ब्रेक लागत राहिले तर. ही गाडी त्यानंतर धड रस्त्यावर आलीच नव्हती. ड्रम फिरवताना लायनर अगदी हलका घासून जातो एवढा अॅडजस्टर दोन्हीकडे सारखा आणला. हे एअर काढण्याच्या आधीच करावं लागतं. मोकळीक जास्त असेल तर प्रत्येक दाबातलं ऑइल व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर ढकलण्यातच खर्च होतं आणि निपलपर्यंत पुरेसा झोत येत नाही.

ऑइलबद्दल थोडं. रिझर्व्हॉयरमधलं ऑइल गढूळ चहाच्या रंगाचं होतं, नवं-जुनं मिसळलेलं. आपण याला ऑइल म्हणतो, पण हे ग्लायकॉलच्या जातीचं द्रव्य हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ची २३० आणि १५५. आंबा घाट उतरताना पुढच्या डिस्क तापतात तेव्हा हा फरक जिवाचा ठरतो: ऑइलातलं पाणी उकळून वाफ झाली की पेडल असंच तळाला जातं, आणि तेही उतारावर. म्हणून सीलबंद डब्यातलं डॉट ४ घेतलं, जे या गाडीच्या झाकणावर चालतं म्हणून छापलेलं होतं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल एक चमचाही यात गेलं तर सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण ब्रेक उतरवावा लागतो.

गाडी पिटवर, चाकांवर उभी. सुरुवात मास्टरपासून: तिथले पाइपचे जोड एकेक करून किंचित ढिले करून दाबाखाली हवा जाऊ दिली, खाली कापड धरून, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. मग व्हॉल्व्हचं निपल. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं होतं, वायर ब्रशने साफ केलं, आणि आधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवून मगच सोडलं. असं केल्याने निपल मोडत नाही. पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलात बुडवलेलं.

पोरगं आत बसलं, मी खाली. "दाब." "दाबलं." निपल पाव फेरा उघडायचं, पेडल ठोकळ्याला टेकलं की "टेकलं" म्हणायचं, मी निपल बंद करेपर्यंत पाय तसाच. "सोड." यातला सगळा जीव त्या क्रमात आहे. निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला गेला तर थ्रेडमधून किंवा नळीतून हवा परत आत ओढली जाते आणि केलेलं काम वाया जातं. पाय भराभर मारायचा नाही, मोठा बुडबुडा फुटून फेस होतो आणि तो निघायला तासन्‌तास लागतात.

पहिल्याच उघडण्याला निपलमधून ऑइल आलं नाही, फुसफुस आली. तो मिस्त्री माझ्या शेजारीच वाकून बघत होता. "अण्णा, ही सगळी हितं हुती व्हय?" मग ऑइल आणि हवा मिसळून, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मग सलग ऑइल. रिझर्व्हॉयर निम्म्याच्या खाली जाऊ दिला नाही, तो रिकामा झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर डावं मागचं, मग त्याच सर्किटचं उजवं पुढचं, मग उजवं मागचं आणि डावं पुढचं. हा क्रम प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे बदलतो, तिथं लिहिलं असेल तेच करावं. पुढचे कॅलिपर बघून घेतले की निपल वरच्या बाजूला आहे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि वरची हवा आयुष्यभर निघत नाही.

मिस्त्रीने विचारलं, व्हॅक्यूमच्या पंपाने ओढलं असतं तर लवकर झालं नसतं का? ओढता येतं, पण निपलच्या थ्रेडमधून बाहेरची हवाही ओढली जाते आणि नळीत बुडबुडे थांबतच नाहीत. कोणते आतले आणि कोणते बाहेरचे हे ओळखू येत नाही. रिझर्व्हॉयरवर एक बारच्या आसपास दाब देऊन ब्लीड करणारं यंत्र चांगलं, एका माणसाचं काम होतं आणि प्रवाह सलग राहतो.

एबीएसच्या गाडीत इथं आणखी एक पायरी येते. एप्रिल २०१९पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे पुढच्या काळात गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्या तशाच असणार. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या मागे बसते आणि पेडलने हलत नाही. स्कॅनर लावून ते व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. पाइप बदलताना रिझर्व्हॉयर पूर्ण रिकामा न होऊ देणं हा त्यातला मोठा बचाव आहे.

रस्त्यावर

पुन्हा चारही होज चिमटून पाहिले, पेडल टणक आलं. क्लॅम्प काढले, पेडल पहिल्याच दाबात वर, दुसऱ्या दाबात जागा बदलली नाही. टिश्यू सगळ्या जोडांवर कोरडा. गाडी रात्रभर तशीच ठेवली, कारण उरलेसुरले बारीक बुडबुडे वर चढून एकत्र यायला वेळ लागतो. सकाळी व्हॉल्व्हचं निपल पुन्हा उघडलं, अगदी थोडी हवा निघाली. तेवढीही राहायला नको होती.

पहिली चाल गॅरेजच्या आवारातच, माणूस चालतो त्या वेगाने, हातात हँडब्रेक. मग मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगाने, मग ४० ने, स्टिअरिंग हलकं धरून: गाडी कुठल्या बाजूला ओढते का ते बघायला. ओढली नाही. त्यानंतर मॅडमना शेजारी बसवून माधवनगर रोडला गेलो आणि पेडल त्यांच्या पायाखाली दिलं. रोज चालवणाऱ्याच्या पायाला जे कळतं ते आम्हाला कळत नाही. त्या म्हणाल्या, "पाइप फुटायच्या आधी तरी इतकं वर कुठं होतं?" ते खरंच असणार, लायनरची मोकळीक आधीपासून वाढत आली असेल.

मास्टर सिलिंडर बदलला नाही. त्याच्या मागे बूस्टरच्या बाजूला ओल आहे का ते सोडवून पाहिलं, कोरडं होतं. चारही होज मात्र बदलायला सांगितले: दहा वर्षांचं रबर, पुरात राहिलेलं आणि आता चिमटलेलं. ते त्याच आठवड्यात बसले आणि त्या वेळी पुन्हा पूर्ण एअर काढली, व्हॉल्व्हच्या निपलसकट. निपलवर नवी टोपी घातली आणि बॉनेटखाली ऑइल बदलल्याची तारीख लिहून ठेवली. दोन वर्षांनी ते बदलायचंच.

एक काम उरलं होतं. ब्रेकच्या पाइपशेजारी, त्याच क्लिपांमध्ये, पेट्रोलचा लोखंडी पाइप मागून पुढे येतो. ब्रेकचे पाइप बदलताना क्लिपा उघडल्या गेल्या, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. वरून ठीक, क्लिपखाली तसेच खड्डे. अजून गळत नव्हता. मॅडमना पिटमध्ये उतरवून टॉर्च धरून दाखवला. त्यांनी बोट फिरवलं, पापुद्रा हातात आला, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तोही बदलून घेतला.